मंगळवार की शुक्रवार? संगणकाच्या पंचांगाची गोष्ट

शिवजयंतीच्या आदल्या रात्रीचा प्रसंग. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये प्रदर्शनाची तयारी जोरात चालू होती. मेकॅनिकलची पोरं थर्माकोलचा रायगड उभा करत होती, सिव्हिलवाले नेहमीप्रमाणे त्यांच्या चुका काढत होते आणि आम्हा कॉम्प्युटरवाल्यांकडे जबाबदारी होती ती 'शिवकाल : तारीखवार' या तक्त्यांची. एकूण चाळीस घटना. प्रत्येकीची तारीख, वार आणि दोन-चार ओळींची माहिती. तारखा पुस्तकांतून उतरवून घेतल्या. वार शोधत कोण बसणार? पायथनमध्ये पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला. तारीख द्यायची, वार घ्यायचा. दहा मिनिटांत काम फत्ते! संध्याकाळी तक्ते छापूनही आणले, तेही रंगीत, सगळ्यांच्या वर्गणीतून.

साडेनऊच्या सुमारास ग्रंथालयातले काका डोकावले. इतिहासाची पुस्तकं त्यांच्याच हातून आम्हाला मिळाली होती, त्यामुळे काय दिवे लावलेत ते बघायला आले असणार. पहिल्याच तक्त्यासमोर थांबले.

"काय रे, महाराजांचा जन्म मंगळवारी झाला, हे कुठून काढलंस?"

"काका, कॉम्प्युटरवर काढलं."

"जेधे शकावलीत तर शुक्रवार आहे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार."

मी जरा अदबीनं पण ठामपणे म्हटलं, "काका, लिहिणाऱ्याची चूक होऊ शकते. हा मशीनचा हिशेब आहे."

काका हसले. "बरं. मग अफझलखानाचा वार बघ. गुरुवार यायला हवा."

तक्ता बघितला. १० नोव्हेंबर १६५९, सोमवार. आता मात्र पोटात गोळा आला. काकांनी ग्रंथालयातून पुस्तक आणून दिलं आणि आम्ही एकेक घटना पडताळायला बसलो. संभाजीराजांचा जन्म, १४ मे १६५७ : पुस्तकात गुरुवार, आमच्याकडे सोमवार. राज्याभिषेक, ६ जून १६७४ : पुस्तकात शनिवार, आमच्याकडे बुधवार. महाराजांचं निधन, ३ एप्रिल १६८० : पुस्तकात शनिवार, आमच्याकडे बुधवार. गंमत म्हणजे शेवटच्या तक्त्यावरचं पानिपत, १४ जानेवारी १७६१, दोन्हीकडे बुधवार!

सोमवारचा गुरुवार, बुधवारचा शनिवार, मंगळवारचा शुक्रवार. प्रत्येक वेळी बरोबर तीन दिवसांचा फरक. आणि १७६१ ला शून्य. चूक जेव्हा इतक्या शिस्तीत वागते तेव्हा ती टायपिंगची नसते, नियमाची असते. त्या रात्री तो नियम शोधता शोधता जे कळलं, ते या लेखात मांडतो आहे. इतिहासाच्या लोकांना यातलं बरंचसं ठाऊक असतं. आपल्याला, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना, ते कुणी सांगत नाही.

संगणकाला तारीख कळत नाही

पहिली गोष्ट ही की, संगणक तारीख साठवतच नाही. तो साठवतो एक आकडा. कुठलातरी एक क्षण शून्य धरायचा आणि तिथून किती सेकंद किंवा किती दिवस झाले ते मोजायचं, बस. 'शुक्रवार, १९ फेब्रुवारी' हे सगळं त्या आकड्यावरून, आपल्याला दाखवायच्या वेळी तयार होतं.

युनिक्सचा हा शून्य क्षण म्हणजे १ जानेवारी १९७०, मध्यरात्र, जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. भारतात तेव्हा सकाळचे साडेपाच. आता कळलं ना, एखाद्या बिघडलेल्या फाईलवर किंवा फोटोवर '१ जानेवारी १९७०, सकाळी ५:३०' अशी विचित्र तारीख का दिसते? तिथे तारीख नाहीच, फक्त शून्य आहे, आणि संगणकाने प्रामाणिकपणे शून्याचं भाषांतर करून दाखवलं आहे.

हा शून्य क्षण काही आकाशातून पडलेला नाही. १९७१ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं, तेव्हा वेळ १ जानेवारी १९७१ पासून आणि सेकंदाच्या साठाव्या भागात मोजली जात होती. बत्तीस बिटांत तसे आकडे मोजले तर साधारण ८२९ दिवसांत, म्हणजे सव्वादोन वर्षांत, भांडं भरून वाहायला लागतं. मग शून्य मागे-पुढे सरकवत, शेवटी साठावा भाग सोडून पूर्ण सेकंद मोजायचं ठरलं आणि १९७० कायम झालं. इतिहासाचा विचार करून काही कुणी ते ठरवलेलं नव्हतं. त्यांना त्यांच्या मशीनवरच्या फाईली सांभाळायच्या होत्या.

बाकीच्यांनी आपापले शून्य निवडले. डॉसने आणि आपल्या पेनड्राइव्हवर अजूनही सापडणाऱ्या फॅट पद्धतीने १ जानेवारी १९८० निवडला. तिथे वर्षाला सातच बिट असल्यामुळे २१०७ ला गाडी थांबते. जुन्या मॅकिंटॉशने १ जानेवारी १९०४ घेतला. विंडोजच्या एनटी घराण्याने मात्र जरा लांबचा विचार केला आणि १ जानेवारी १६०१ पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात, मोजायला सुरुवात केली. १६०१ च का? कारण आजच्या कॅलेंडरचं एक पूर्ण चक्र ४०० वर्षांचं असतं आणि १६०१ ते २००० हे असं एक अख्खं चक्र आहे. चक्राच्या सुरुवातीपासून मोजलं की लीप वर्षांचं गणित सोपं पडतं.

भांड्यात किती मावतं?

मग १६३० साल यात मावतं का?

युनिक्सचा आकडा बरीच वर्षं बत्तीस बिटांचा आणि चिन्हासहित होता. म्हणजे शून्याच्या पुढे २१४,७४,८३,६४७ सेकंद आणि मागेही जवळजवळ तेवढेच. पुढची हद्द १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. मागची हद्द १३ डिसेंबर १९०१. म्हणजे अशा मशीनसाठी लोकमान्यांचा 'केसरी' सुरू झाल्याचं १८८१ साल अस्तित्वातच नाही, शिवकाल तर फार लांब. शिवजन्माचा दिवस १९७० च्या १,२४,१२३ दिवस आधीचा. सेकंदात उणे १०७२ कोटींच्या पलीकडे. हद्दीच्या जवळजवळ पाचपट!

आता चौसष्ट बिट आले. त्यात विश्वाच्या वयाच्याही कित्येक पट वेळ मावते. बत्तीस बिटांच्या मशीनसाठीसुद्धा २०२० च्या लिनक्स ५.६ कर्नेलपासून २०३८ ओलांडण्याची सोय झाली. तरी जुन्या सवयी ठिकठिकाणी शिल्लक आहेत. लिनक्सची एक्स्ट४ फाईल सिस्टिम पुढे २४४६ पर्यंत जाते, पण मागे १९०१ लाच अडते. विंडोजवर सी भाषेच्या नेहमीच्या फंक्शनना १९७० च्या आधीचा, म्हणजे उणे आकडा दिला की ती सरळ एरर देत. तेव्हा कुणी जुन्या मोडी कागदांचे फोटो काढत असेल, तर कागदाची तारीख फाईलच्या तारखेत घुसवायच्या भानगडीत पडू नये. फाईलची तारीख फाईलची, कागदाची तारीख कागदाची.

पण आमची अडचण न मावण्याची नव्हतीच. पायथनची तारीख इसवी सन १ पासून ९९९९ पर्यंत आरामात जाते. १६३० व्यवस्थित मावलं होतं. एररही आली नाही. खरा घोळ तिथेच आहे. एरर आली असती तर निदान थांबून विचार तरी केला असता.

मधले दहा दिवस

तर आता कॅलेंडरकडे वळू. ज्युलियस सीझरच्या काळापासून युरोपात जे कॅलेंडर चालत होतं त्यात दर चौथं वर्ष लीप. म्हणजे वर्षाची सरासरी ३६५.२५ दिवस. ऋतूंचं खरं वर्ष मात्र ३६५.२४२२ दिवसांचं. फरक अकरा मिनिटांचा. वाटतो किरकोळ, पण १२८ वर्षांत एक अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत कॅलेंडर ऋतूंच्या दहा दिवस मागे पडलं. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी दुरुस्ती केली : १०० ने भाग जाणारी वर्षं लीप नाहीत, मात्र ४०० ने भाग गेला तर लीप. आणि साचलेले दहा दिवस एका फटक्यात वगळले. गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर १५८२. लक्षात घ्या, वारांची साखळी तुटली नाही. तारखांनी उडी मारली, वारांनी नाही.

पण पोपचं सगळ्यांनीच ऐकलं असं नाही. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतल्या राज्यांनी लगेच ऐकलं. प्रॉटेस्टंट इंग्लंडने तब्बल १७० वर्षं ऐकलं नाही. तिथे आणि इंग्रजांच्या वसाहतींत बदल झाला तो १७५२ मध्ये : बुधवार २ सप्टेंबर, दुसऱ्या दिवशी गुरुवार १४ सप्टेंबर. तोपर्यंत फरक अकरा दिवसांचा झाला होता, कारण १७०० साल जुन्या पद्धतीत लीप होतं आणि नव्यात नव्हतं. रशियात तर हे १९१८ मध्ये झालं : ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी. म्हणून तिथली 'ऑक्टोबर' क्रांती आजच्या कॅलेंडरप्रमाणे ७ नोव्हेंबरला येते.

याचा आपल्याशी संबंध असा. शिवकालात आपल्या किनाऱ्यावर दोन युरोपीय सत्ता शेजारी-शेजारी होत्या. गोव्याचे पोर्तुगीज नवं कॅलेंडर वापरत होते, तर मुंबई-सुरतेचे इंग्रज जुनं. राज्याभिषेकाला मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. त्याच्या हिशेबाने तो दिवस ६ जून १६७४. त्याच दिवशी गोव्यात १६ जून. आणि गडावर? ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. एकच सूर्योदय, तीन नावं.

आपल्या अस्सल मराठी कागदांत तिथी आणि शक असतात. त्यांचं इंग्रजी तारखांत रूपांतर पुढे अभ्यासकांनी केलं आणि शिवकालासाठी जुनी, म्हणजे ज्युलियन, पद्धत रूढ झाली. शासनमान्य १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखसुद्धा ज्युलियन आहे. आजच्या पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३० येतो आणि १ मार्च १६३० ला वार येतो शुक्रवार! दहा दिवसांचा फरक, त्यातले सात म्हणजे पूर्ण आठवडा, उरले तीन. आमचे ते शिस्तबद्ध तीन दिवस हेच. पानिपत १७५२ नंतरचं, तिथे इंग्रजांचीही तारीख नवी झालेली, म्हणून फरक शून्य.

रात्री साडेअकराला हे कोडं सुटलं तेव्हा आमच्यातल्या एकाने टेबलावर थाप मारून अशी आरोळी ठोकली की रेक्टर सर उठून आले. पण तो वेगळा विषय.

चार स्वभावाची चार सॉफ्टवेअर

मग उत्सुकता वाटली की बाकीची सॉफ्टवेअर काय करतात? दुसऱ्या दिवसापासून एकेक तपासून पाहिलं. त्यांचे साधारण चार स्वभाव दिसले.

पहिला, 'आजचाच नियम कायमचा' म्हणणारा. पायथन यातलाच. आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर तो सरळ इसवी सन १ पर्यंत मागे ओढत नेतो, जणू पोप ग्रेगरी आधीपासूनच होते. गणिताला हे फार सोयीचं, कारण ४०० वर्षांत बरोबर १,४६,०९७ दिवस, म्हणजे नेमके २०,८७१ आठवडे. कुठे खाच नाही, खळगा नाही. फक्त पुस्तकातली जुनी तारीख जशीच्या तशी दिली की उत्तर चुकतं.

दुसरा, १५८२ ला सांधा बदलणारा. जावातला जुना ग्रेगोरियन कॅलेंडर हा क्लास १५ ऑक्टोबर १५८२ च्या आधी ज्युलियन आणि नंतर ग्रेगोरियन धरतो. पुढे जावानेच तारखांची नवी लायब्ररी आणली, ती मात्र पहिल्या स्वभावाची. म्हणजे एकाच भाषेत, सन १५०० ची एकच तारीख, दोन क्लासना दिली तर दोन वेगळे दिवस! आणि हा सांधा पोपच्या देशांचा. शिवकालीन तारखांना जावाचाही उपयोग नाही, तोही मंगळवारच सांगतो.

तिसरा, १७५२ ला सांधा बदलणारा. लिनक्सच्या टर्मिनलवर 'कॅल ९ १७५२' असं इंग्रजीत टाईप करून बघा. सप्टेंबर महिन्यात १, २ आणि मग एकदम १४! बघणाऱ्याला वाटतं प्रोग्राम फाटला. पण ती चूक नाही, तो इंग्रजांचा इतिहास आहे. आता 'कॅल २ १६३०' टाका. १९ तारखेखाली वार येतो शुक्रवार. पायथनने चुकवलेला पेपर या जुन्या, साध्या कमांडने बरोबर सोडवला, कारण तिच्या डोक्यात इंग्रजांचं कॅलेंडर आहे आणि आपली शिवकालीन तारीखही त्याच पद्धतीची आहे. योगायोगाने जुळलं म्हणा. रशियातली १७८० ची तारीख दिली तर तीच कमांड तोंडावर पडेल. अलीकडच्या लिनक्समध्ये कुठला बदल धरायचा ते या कमांडला सांगताही येतं.

चौथा, हात वर करणारा. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख माहीतच नाही. १९ फेब्रुवारी १६३० टाकलं तर ते त्याला तारीख न समजता नुसता मजकूर म्हणून ठेवतं. वर १९०० हे लीप वर्ष होतं असं एक्सेल मानतं! २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उजाडलेला दिवस तिथे ६० नंबरवर सुखाने नांदतो आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामशी आकडे जुळावेत म्हणून ती चूक मुद्दाम ठेवली गेली. त्यामुळे १ जानेवारी १९०० ला सोमवार होता, पण एक्सेल रविवार सांगतं. मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हरमधला 'डेटटाईम' हा प्रकार १ जानेवारी १७५३ पासून सुरू होतो. १७५२ च्या भानगडीत पडायचंच नाही, असा तो शहाणपणा. २००८ मध्ये त्याचा 'डेटटाईम२' हा भाऊ आला, तो सन १ पासून चालतो.

मला विचाराल तर हा चौथा स्वभाव वाटतो तितका वाईट नाही. 'मला माहीत नाही' असं सांगणारं मशीन परवडतं. माहीत नसताना मंगळवार सांगणारं मशीन जास्त महागात पडतं.

घड्याळाचीही तीच कथा

तारखेचं हे असं, तर वेळेचं काय? पायथनमध्ये 'पाय-टी-झेड' ही लायब्ररी वापरलेल्यांना अनुभव असेल. कोलकात्याचा झोन घाईघाईने तारखेला चिकटवला की भारताची वेळ साडेपाच तासांऐवजी पाच तास त्रेपन्न मिनिटं पुढे दिसते. मी सेकंड इयरला ते बग समजून तेवीस मिनिटं वजा करून मोकळा झालो होतो! (हे एक्झामिनर सरांनी वाचू नये.) खरं तर ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ आहे.

जगभरच्या वेळांचे बदल एका मोठ्या यादीत नोंदलेले असतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली आणि लिनक्स, अँड्रॉइड, मॅक सगळे तीच वापरतात. भारतासाठी तिच्यात एकच नोंद आहे, 'एशिया/कोलकाता'. त्या नोंदीत कोलकात्याची स्थानिक वेळ आहे, पुढे मद्रास टाईम आहे, १ जानेवारी १९०६ पासूनची भारतीय प्रमाणवेळ आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळं एक तास पुढे होती, तेही आहे. विंडोज स्वतःच्या यादीत भारताला सरसकट साडेपाच तास धरतं.

पण दोन्हींत एक गोष्ट नाही : मुंबई टाईम. प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली ही वेळ शहरात १९५५ च्या सुमारापर्यंत वापरात होती. ओल्सन यांच्या यादीचा नियम असा की १९७० पासून ज्या गावांची वेळ एकच आहे, त्यांना एकच नोंद पुरे. त्यामुळे मुंबईची वेगळी नोंद केली गेली नाही. समजा कुणाच्या आजोबांचा जन्म १९३० मध्ये मुंबईत, मुंबई टाईमप्रमाणे सकाळी १० वाजता झाला. प्रमाणवेळेने ते झाले १० वाजून ३९ मिनिटं. मोबाईलवरचं पत्रिकेचं अॅप हे विचारत नाही. दहा म्हणजे दहा. पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, पण हिशेब तर बरोबर हवा!

वार म्हणजे पॅरिटी बिट

आता मूळ मुद्द्यावर येतो.

डेटा कम्युनिकेशनमध्ये आपण पॅरिटी बिट शिकतो. मूळ माहितीबरोबर एक जादा बिट पाठवायचा, म्हणजे वाटेत काही बिघडलं तर पलीकडे कळतं. जुन्या कागदांत तिथीबरोबर वार लिहिलेला असतो, तो असाच पॅरिटी बिट आहे. तिथीसुद्धा तारखेची साक्ष देते. तपासून बघायचं असेल तर 'स्टेलॅरियम' हे आकाश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर उघडा. ते १५८२ नंतर ग्रेगोरियन तारीख धरतं. ६ जून १६७४ टाकलं तर रायगडावर चंद्राची बारीक कोर दिसते. त्रयोदशीला कोर कशी असेल? १६ जून टाका, जवळजवळ पूर्ण गोल चंद्र. म्हणजे वार आणि चंद्र दोघेही एकच साक्ष देतात.

तीनशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या माणसाने तारीख तपासता यावी अशी सोय करून ठेवली होती. आणि मी काय केलं? कागदातला वार न पाहताच प्रोग्रामचा वार छापला. म्हणजे पॅरिटी बिट फेकून दिला आणि चुकलेल्या डेटावरून नवा पॅरिटी बिट तयार केला. अशी चूक मग कुठल्याच तपासणीत सापडत नाही. काकांना ती सापडली, कारण त्यांच्या डोक्यात मूळ प्रत होती.

हे फक्त प्रदर्शनापुरतं नाही. गावोगावची दफ्तरं, सनदा, मंदिरांच्या नोंदी आता स्कॅन होऊन डेटाबेसमध्ये जात आहेत. ते काम आपल्यातलेच कुणीतरी करणार. एकाने ज्युलियन तारीख ग्रेगोरियन करून ठेवली आणि दुसऱ्याने ती जुनीच समजून पुन्हा दहा दिवस वाढवले, की घटना दहा दिवस सरकली. त्यात इंग्लंडच्या कागदांची आणखी एक गंमत : १७५२ च्या आधी तिथे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे आपण ज्याला फेब्रुवारी १६३० म्हणतो, तो त्यांच्या कागदावर फेब्रुवारी १६२९. आपल्या 'कॅल'लाही हे ठाऊक नाही.

तेव्हा अशा प्रोजेक्टला हात घालणाऱ्यांसाठी आमच्या अनुभवाचे चार बोल :

एक, कागदावर जे लिहिलं आहे ते जसंच्या तसं, वारासकट, मजकूर म्हणून साठवा. ते कधीही पुसू नका.

दोन, तारखेशेजारी एक रकाना 'कुठलं कॅलेंडर' याचा ठेवा : ज्युलियन, ग्रेगोरियन, शक. हा रकाना नसेल तर ती तारीख अर्धीच आहे.

तीन, क्रमाने लावायला आणि फरक काढायला खगोलवाले वापरतात तो 'ज्युलियन दिवसांक' ठेवा. इसवी सनापूर्वी ४७१३ पासूनची ही दिवसांची सलग मोजणी. स्कॅलिजर नावाच्या विद्वानाने १५८३ मध्ये तिचा पाया घातला. शिवजन्माचा दिवसांक २३,१६,४६५. याला ७ ने भागा, बाकी ४ उरते. बाकी शून्य म्हणजे सोमवार, तर ४ म्हणजे? मोजा बोटांवर.

चार, प्रोग्रामने काढलेला वार आणि कागदातला वार जुळला नाही, तर कागदाला खोटं ठरवण्याआधी आपला प्रोग्राम तपासा.

त्या रात्री प्रिंटिंगचं दुकान बंद होतं आणि वर्गणीही संपली होती. एकोणचाळीस तक्त्यांवर चुकीचा वार. शेवटी जर्नलच्या कोऱ्या पानांच्या पट्ट्या कापल्या, ज्याचं अक्षर बरं त्याला बसवलं आणि पुस्तकात पाहून पाहून एकेक वार हाताने लिहून चिकटवला. पहाटे तीन वाजले. सकाळी रंगीत तक्त्यांवर त्या पांढऱ्या पट्ट्या चांगल्याच उठून दिसत होत्या. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे काय? आणि आम्हाला प्रत्येकाला ही सगळी कथा सांगावी लागायची. तक्त्यांपेक्षा पट्ट्यांसमोरच गर्दी जास्त झाली.

काकाही आले. पहिल्या तक्त्यावरची 'शुक्रवार' ही पट्टी त्यांनी अंगठ्याने नीट दाबून बसवली, कोपरा सुटला होता तो. मग म्हणाले, "पुस्तक परत करायची तारीख उद्याची आहे. ती मात्र आपल्याच कॅलेंडरची हं!"